सात नंबरचा पाचवा फाउल

कुंदा,

तुझ्यावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे आधीच कबूल करते आणि क्षमा मागते. तुझ्याबरोबर धावलेल्या, तुझ्या हातचा पास घेतलेल्या, तुझ्यामुळे मैदानावर टिकलेल्या कितीतरी जणी आहेत. हे काम त्यांचे होते. मी आयुष्यात एकदाही बास्केटबॉलचा चेंडू रिंगमधून खाली पाडलेला नाही. लिहिण्याच्या बाबतीतही मी नवखीच आहे. महाविद्यालयात गणित शिकवण्यात सगळी नोकरी सरली. फळ्यावर आणि उत्तरपत्रिकांवर पुष्कळ लिहिले, पण माणसाविषयी लिहायला साठी उलटल्यावर, निवृत्तीनंतर सुरुवात केली, आणि तेही तू मागे लागलीस म्हणून. "दुसऱ्याचे मार्क लिहिण्यात जिंदगी गेली तुझी, आता दोन ओळी आपल्या मनानं लिही," असे म्हणाली होतीस. पहिल्याच दोन ओळी तुझ्यावर लिहाव्या लागतील हे ठाऊक असते, तर वही उघडलीच नसती.

तरी लिहिते आहे. कारण येत्या रविवारपर्यंत मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती तुला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. काय ते पुढे सांगते. माझी सवय तुला ठाऊक आहे, मी पायऱ्या गाळत नाही.

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, खाली मजकूर. त्यात तुझी उंची इंचभर वाढवली होती. तू वाचले असतेस तर आधी तेच कापून ठेवले असतेस. सगळ्या संघांत सर्वांत बुटकी म्हणून तुला हिणवले गेले आणि त्याच बुटकेपणाने तू उंच उंच मुलींच्या कोपराखालून चेंडू घेऊन निघून जायचीस.

आठवीत तू माझ्या बाकावर आलीस, ते माझी गणिताची वही पाहायला मिळावी म्हणून. तू ते लपवलेही नाहीस. बदल्यात तू मला तुमच्या पाचपावलीच्या घरी नेलेस. पुढच्या खोलीत दोन हातमाग होते. शाळेतून आल्यावर तू धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायचीस, तुझी आई, माझ्या मावशी, मागावर बसलेल्या असायच्या, आणि त्यांच्या एका हातातून निघालेला धोटा दुसऱ्या हातात पोहोचलेला दिसायचा. मधला प्रवास दिसायचा नाही. पुढे परगावच्या संघांतील मुली "हिचा पास दिसतच नाही" अशी तक्रार पंचांकडे करू लागल्या, तेव्हा मला दर वेळी ती खोली आठवायची. मावशींना मी हे एकदा कौतुकाने सांगितले. त्या मागावरून न उठताच म्हणाल्या, "धोटा बरा बाई. फेकला त वापस येते. ही पोरगी गेली का सात दिवस तोंड दाखवत नाही." पण स्पर्धेहून तू परत येणार त्या दिवशी मावशी सकाळपासून दाराकडे तोंड करून बसायच्या, हे मी पाहिले आहे.

शाळेच्या मैदानावर आपल्या सरांचा एकच नियम होता. फाउल झाला की हात वर आणि तोंड बंद. त्या काळी खेळाचा नियमही तसाच होता. शिट्टी वाजली की जिच्या हातून चूक झाली तिने हात वर करायचा, म्हणजे टेबलावर बसलेल्या लेखनिकाला तिचा नंबर दिसावा. बहुतेक जणी तो हात कसा वर करायच्या, तेही आठवते: अर्धा, कानापर्यंत, चेहऱ्यावर 'मी कुठे काय केले' असा भाव घेऊन. तू मात्र पंच वळण्याच्या आत हात सरळ वर नेऊन उभी राहायचीस. सर म्हणायचे, कुंदाचा फाउल लिहायला चष्मा लागत नाही.

त्या टेबलावर मी कशी आले, हे सांगितले नाही तर पुढचे कळायचे नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, प्राध्यापक झाल्यानंतर, तू मला हाताला धरून नेलेस. एका स्पर्धेत लेखनिक आला नव्हता. तू आयोजकांना सांगितलेस की हिचे अक्षर चांगले आहे आणि ही खोटे लिहीत नाही. मला वाटले, निभावेल. समोर स्कोअरशीट. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पाच बारीक चौकोन, प्रत्येक फाउलला एक. पाचवा भरला की खेळाडू बाहेर. बाजूला आकडे लिहिलेले फलक, कितवा फाउल झाला ते उंच धरून सर्वांना दाखवायला. चारपर्यंतचे काळे, पाचवा लाल. आणि एक भोंगा, ज्याचे बटण दाबून खेळ थांबवायचा. पहिल्याच सामन्यात भोंगा वाजवण्याची वेळ आली आणि माझी छाती झाली नाही. मी खाकरले. दोनदा. तू मैदानातून धावत जवळ आलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालीस, "तुझ्या खोकल्यानं खेळ थांबत नाही वं. बटन दाब."

मी बटण दाबायला शिकले. पुढे लेखनिकाची परीक्षाही दिली. नागपुरात होणाऱ्या मोठ्या स्पर्धांना टेबलावर माझे नाव असू लागले. भिडस्त माणसाला ती जागा सोयीची असते. समोर सगळे घडते आणि आपण फक्त लिहायचे असते.

तुझी नोकरी सरकारी खात्यात, खेळाडूंच्या राखीव जागेवरची. सकाळी सराव, दुपारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांवर शिक्के, आणि वर्षातले निम्मे महिने किटबॅग घेऊन देशभर. आपल्याकडे खेळ हाच ज्यांचा व्यवसाय झाला अशा मुली फार थोड्या, आणि विणकराच्या घरातून आलेली आपल्या ओळखीत तू एकटीच. लोक विचारायचे, काम काय करता? तू ताठ मानेने म्हणायचीस, "खेळते." समोरचा पुन्हा विचारायचा, हो, पण काम? तू पुन्हा तेच सांगायचीस. मी शेजारी उभी असायचे आणि मला विनाकारण फार अभिमान वाटायचा.

आता त्या अंतिम सामन्याकडे येते. इतकी वर्षे आपण त्याच्यावर भांडलो, पण सगळा क्रम एकदाही नीट मांडला नाही.

सामना आपल्याच गावात होता. तू तुझ्या खात्याच्या संघाची कर्णधार, अंगावर सात नंबर. त्या दिवशी देशाच्या संघासाठी निवड करणारे तिघे जण मंडपात बसले होते. तू तिशीला टेकली होतीस. पुढच्या वर्षी कोणी तुझ्याकडे पाहणार नव्हते, हे तुला, मला आणि त्या तिघांनाही ठाऊक होते. तुझ्याच संघात अकरा नंबरवर प्रीती होती. एकोणीस वर्षांची, वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर, रोज पहाटेच्या बसने सरावाला येणारी. तिचे नाव लिहिते आहे कारण तिनेच लिहायला सांगितले आहे.

शेवटची चार मिनिटे उरली होती. तुझ्या नावापुढे चार चौकोन भरलेले, प्रीतीच्या नावापुढेही चार. प्रतिपक्षाची उंच खेळाडू रिंगखाली उसळली आणि तीन-चार जणींच्या गर्दीत कोसळली. शिट्टी वाजली. पंच उलट्या बाजूने धावत आले होते. त्यांनी धडक पाहिली होती, पण हात कोणाचा ते पाहिले नव्हते. ते क्षणभर थांबले. मी टेबलावरून पाहिले होते. तो हात अकरा नंबरचा होता. तू तिच्या मागे, एक पाऊल दूर होतीस.

आणि हात वर गेला तो तुझा. सरळ, नेहमीसारखा.

पंचांनी माझ्याकडे वळून बोटांनी सात दाखवले. लेखनिकाने पंच दाखवतील तेच लिहायचे असते. माझ्या डोळ्यांना तिथे किंमत नाही. पण बटण हाताशी होते. पंचांना बोलावून 'एकदा खात्री करा' एवढे म्हणता आले असते. मी खाकरलेसुद्धा नाही. सातच्या ओळीत पाचवा चौकोन भरला आणि लाल फलक मीच माझ्या हाताने वर धरला. तू टेबलापुढून बाकाकडे जाताना थांबलीस, वाकून शीटकडे पाहिलेस आणि म्हणालीस, "नीट लिही वं."

आपण दोन गुणांनी जिंकलो. शेवटची बास्केट प्रीतीची. तू बाकावरून इतकी ओरडलीस की दुसऱ्या दिवशी तुझा आवाज बसला होता. महिन्याभराने देशाच्या शिबिरासाठी नावे आली, त्यात प्रीती होती, तू नव्हतीस. त्या चार मिनिटांमुळे तसे झाले असे मी म्हणणार नाही. निवड करणाऱ्यांच्या मनातले कोणाला कळले आहे? पण झाले नाही, असेही मला कधी म्हणता आलेले नाही.

सामन्याच्या दुसऱ्या सकाळी आपण कोपऱ्यावर तर्री-पोहे खात उभ्या होतो. मी विचारले, असे का केलेस? तू घोगऱ्या आवाजात म्हणालीस, "काय केलं? फाउल माझा होता." मी म्हणाले, मी पाहिले आहे. तू म्हणालीस, "तू टेबलावरून पाहिलं. मी आतमधी होती." मग किटबॅगेतून शीटची गुलाबी प्रत काढलीस. जिंकणाऱ्या संघाला ती मिळते. "ठेव तुझ्याजवळ. अक्षर तुझं हाय," असे म्हणून माझ्या पर्समध्ये कोंबलीस.

तेव्हापासून तेहतीस वर्षे हा वाद चालला. मी पुरावे मांडायचे. तू कुठे उभी होतीस, चेंडू कुठे होता, ती मुलगी कोणत्या बाजूला पडली. एकदा मी कागदावर आकृती काढून आणली. तू ती उलटी धरून पाहिलीस आणि विचारलेस, यातली मी कोणती? एकदा मात्र मी मर्यादा ओलांडली. म्हणाले, तू खोटे बोललीस, आणि मला खोटे लिहायला लावलेस. ज्या मुलीने 'ही खोटे लिहीत नाही' असे सांगून मला टेबलावर बसवले, तिला मी हे म्हणाले. त्यानंतर पाच महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. एका सकाळी दार वाजले. तू डबा घेऊन उभी होतीस. "तर्री जास्त हाय. नाक गळीन तुझं," एवढेच म्हणालीस. त्या सकाळी फाउलचा विषय निघाला नाही. मी माफीही मागितली नाही. आज मागते. उशीर झाला आहे, पण माझी प्रत्येक गोष्ट उशिराच सुरू होते, हे तुझ्याहून जास्त कोणाला ठाऊक?

खरे सांगायचे तर, तू खेळत होतीस तेव्हापेक्षा तू मुलींना शिकवू लागलीस तेव्हा मला तुझा अभिमान जास्त वाटला. गुडघा गेला, चड्डीऐवजी पंजाबी ड्रेसवर बूट आले, पण सकाळी साडेपाचला मैदानावर तू असायचीसच. मे महिन्यातही, सिमेंट तापायच्या आत दोन तास. उंची पाहून तू कोणाला परत पाठवले नाहीस. कुहीकडची ती मुलगी आठवते, जिचे वडील धानाच्या रोवणीचा चिखल पायांवर घेऊन तिचा पहिला सामना पाहायला आले आणि चपला हातात धरून मैदानाच्या कडेला उभे राहिले. तू जाऊन त्यांना म्हणालीस, इथे चपला घालूनच उभे राहतात काका, हे देऊळ नाही. मग परत येताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणालीस, "हाय म्हणा, पण त्याले कशाले सांगू."

दरम्यान हात वर करण्याचा नियम केव्हाच गेला. आता कोणीही करत नाही. पण तुझ्या मुली करतात. परगावचे संघ हसतात; एका तरुण पंचाने मला विचारलेही, मॅडम, या मुलींना काही विचारायचे असते का? मी सांगितले, नाही, त्या सांगत असतात. माझ्या तोंडून इतके चटकन उत्तर क्वचितच निघते. तुला सांगायचे राहून गेले होते.

इस्पितळातल्या चार दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी तू शुद्धीवर होतीस, आणि स्वतःच विषय काढलास. "प्रीती भेटायले येईन. तिले त्या मॅचचं काही इचारू नको." मी तेहतीस वर्षे ज्याची वाट पाहत होते ते माझ्या हाती लागले. मी म्हणाले, फाउल तुझाच होता तर तिला विचारायला हरकत काय? तू डोळे मिटलेस. ओठांच्या कोपऱ्यात हसू होते. "सुटली नाही न वं तू त्या मॅचमधून अजून. गणितवाली." मी आग्रह धरला नाही. उद्या विचारू, असे वाटले.

प्रीतीला पोहोचायला उशीर झाला. तुझ्या तेराव्यानंतर ती माझ्या घरी आली. आता बावन्न वर्षांची, दुसऱ्या राज्यात मुलींच्या संघाची प्रशिक्षक. मी दार उघडले तर ती उंबऱ्याबाहेर उभी, आणि उजवा हात सरळ वर. मला आधी कळलेच नाही. वाटले, नमस्कारासारखे काहीतरी करते आहे.

मग ती म्हणाली, "ताई, तो फाउल माझा होता."

मी तिला आत बसवले, पाणी दिले. ती म्हणाली, "तुम्ही पाहिलं होतं. मले तवाच समजलं. सात लिहायच्या पहिले तुमचा पेन थांबला होता." कुंदा, मला वाटत होते की माझे थांबणे कोणालाच दिसले नाही. सामना संपल्यावर ती कपडे बदलण्याच्या खोलीत तुझ्याकडे कबुली द्यायला आली होती म्हणे, आणि तू तिला विचारलेस, कोणता फाउल? माझा होता तो, तू जाऊन पाणी पी. त्यानंतर तिने जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा तू तेच सांगितलेस. देशाच्या संघात गेल्यावर तिने सात नंबर मागून घेतला. पत्रकारांनी विचारले तर शुभ आकडा आहे असे सांगायची.

ती गेल्यावर मी ती गुलाबी प्रत काढून समोर ठेवली. टेबलावर इतकी वर्षे बसले आणि दर शिट्टीला एकच ऐकले, 'मी नाही, मी नाही'. एकाच फाउलवर दोघींनी हक्क सांगितल्याचे मी दुसरे उदाहरण पाहिलेले नाही. कधी मनात येते, गर्दीत हात दोघींचेही असतील. कधी वाटते, माझी नजर तेव्हाही कच्चीच होती. पण तुझ्याबद्दल जो अभिमान वाटतो, त्याला यातल्या कशानेही धक्का लागत नाही. फाउल तुझा असेल, तर पंचांनी न पाहिलेली चूक तू देशाचा संघ समोर दिसत असताना अंगावर घेतलीस. तुझा नसेल, तर काय केलेस ते प्रीतीकडे पाहिले की दिसते. मला फक्त एवढे कळते की पंच विचारात पडले होते, मी गप्प होते, प्रीती गप्प होती, आणि त्या सगळ्या मैदानात हात एकटीचा वर होता.

आता रविवारचे सांगते. सकाळी सहाला तुझ्या मैदानावर तुझ्या जुन्या आणि नव्या मुलींचा सामना आहे. टेबलावर मी आहे. सामान ठेवतात त्या खोलीच्या भिंतीवर ती गुलाबी प्रत चौकटीत लावायची असे मुलींनी ठरवले आहे. प्रीतीची एकच विनंती आहे: लावण्याआधी मी माझ्या हाताने ती दुरुस्त करावी. सातच्या ओळीतला पाचवा चौकोन खोडावा, अकराच्या ओळीत भरावा. बाजूला ती सही करेल. "कुंदाताईच्या नावावर माझी चूक भिंतीवर नको," असे ती म्हणते. रडत नव्हती, अगदी सरळ बोलत होती. तूच शिकवलेली ना.

नियम मला पाठ आहे. पंचांची सही झाली की त्या कागदाला कोणी हात लावायचा नसतो, आणि ते पंच आता हयात नाहीत. तुझा शब्दही मला पाठ आहे. पण माझ्या डोळ्यांनी जे पाहिले ते मी त्या दिवशी दाबून ठेवले, आणि आज तीच मुलगी समोर येऊन सांगते आहे की तुम्ही बरोबर पाहिले होते. गुलाबी कागदावरची अक्षरे कार्बनची आहेत, फिकट निळी. मी आज पेनाने काही लिहिले तर ते कायम वेगळे दिसेल. नंतर लिहिले आहे, हे कोणालाही कळेल. ते एका परीने बरेच आहे.

तू असतीस तर म्हणाली असतीस, नीट लिही वं. पण नीट म्हणजे काय, ते तू त्या दिवशीही सांगितले नाहीस.

वाचकहो, कुंदाशी बोलणे इथे थांबवते. ती उत्तर देणार नाही, आणि दिलेच तर तेहतीस वर्षांचेच देईल. कागद माझ्यासमोर आहे, पेनाचे टोपण काढलेले आहे. तुम्हीच सांगा, सातच्या ओळीतला तो चौकोन मी खोडावा का?